खड्डा बुजवायची घाई नको, दसऱ्यापर्यंत थांबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीला लागून एक रिकामा प्लॉट आहे. पाया खोदून झाला आणि काम थांबलं, ते थांबलेलंच आहे. पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी साठतं. यंदा पालख्या पुण्यातून पुढे गेल्या, मागोमाग दोन दिवस जोराचा पाऊस झाला आणि त्या खड्ड्यात बेडूक ओरडू लागले. लगेच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं की दोन-तीन डंपर राडारोडा आणून खड्डा बुजवायचा, आणि तोवर त्यात जळकं ऑइल आणि ब्लीचिंग पावडर टाकायची. कारणं तीन सांगितली गेली: आवाजानं झोप होत नाही, डास वाढतात, साप येतात. ग्रुपवर याचं सविस्तर उत्तर लिहिणं जमत नाही. शिवाय हा प्रश्न काही एकट्या आमच्या सोसायटीचा नाही. वारजे, बावधन, सूस, आंबेगाव, उंड्री, जिथे म्हणून बांधकामं चालू आहेत तिथे दर पावसाळ्यात असे खड्डे भरतात आणि असेच बुजवले जातात. म्हणून आपल्या दैनिकाकडे लिहीत आहे.

माझी नोकरी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत झाली. मी लॅब असिस्टंट होतो. प्रॅक्टिकलचे दिवस आले की ओल्या गोणपाटात बेडूक यायचे. ते मोजून घेणं, टाकीत सोडणं, गोणपाट सुकू न देणं, मुलांसाठी मेणाच्या डिश लावून ठेवणं हे माझं काम. मुलं डिसेक्शन करायची तेव्हा मी मागे उभा असायचो. छातीचं हाड उचललं की हृदय दिसतं. त्याला आपल्यासारखे चार कप्पे नसतात, तीन असतात, वर दोन आणि खाली एक. ते काढून मिठाच्या सौम्य पाण्यात ठेवलं तरी बराच वेळ चालू राहतं, कारण त्याचा ठेका मेंदूकडून येत नाही, हृदयातूनच निघतो. पहिल्यांदा हे पाहणारी मुलं गप्प व्हायची. 2011 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेक्शन टप्प्याटप्प्यानं थांबवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मला ते मनापासून पटलं. बेडकाच्या आत काय असतं हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. बाहेर, पाण्यात आणि मातीत तो काय करतो हे पाहायला खरी सवड निवृत्तीनंतर मिळाली. ते मी या खड्ड्याच्या काठावर, हातात टॉर्च घेऊन पाहिलं.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री तिथे जे बेडूक जमतात त्यांत सर्वांत थोराड असतो तो आपला नेहमीचा मोठा बेडूक, इंग्रजीत ज्याला इंडियन बुलफ्रॉग म्हणतात. एरवी मातकट-हिरवा असतो, चिखलात शेजारी बसला तरी दिसत नाही. त्या रात्री त्याचा नर हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. मादी मात्र मातकटच राहते. ओरडतात ते फक्त नर, आणि तेही तोंड मिटून. फुप्फुसातली हवा त्या पिशव्यांत जाते, परत आत येते, त्यामुळे दर वेळी नवा श्वास घ्यावा लागत नाही. मादी ऐकत असते आणि निवड करत असते. आपल्याला जो गोंगाट वाटतो त्यात प्रत्येक जातीची हाक वेगळी असते. मोठ्या बेडकाचं खोल डराँव डराँव, भेकाची (इंग्रजीतला टोड, खरखरीत कातडीचा) लांबलचक एकसुरी कुर्रर्र, झाडबेडकाचं थांबून थांबून टकटक. अंगठ्याच्या पेराएवढी मायक्रोहायला नावाची एक बेडकी आहे, तिचा नर इतक्या जोरात किरकिरतो की आवाजाच्या दिशेनं गेलं तरी इतका लहान प्राणी असेल असं वाटतच नाही. मी गवतात टॉर्च मारून शोधत राहिलो होतो, तो माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर होता.

अंडी घालण्याच्या पद्धतीही निरनिराळ्या. मोठ्या बेडकाची अंडी पाण्यावर पातळ थरात तरंगतात, एका मादीची हजारोंनी. भेकाची अंडी लांबच लांब पारदर्शक दोरीत ओवलेली असतात आणि पाण्यातल्या काड्या-गवताला गुंडाळलेली दिसतात. झाडबेडूक पाण्यात अंडी घालतच नाही. पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा टाकीच्या कडेला मादी एक स्राव सोडते, मागच्या पायांनी तो घुसळून त्याचा पांढरा फेस करते आणि अंडी त्या फेसात ठेवते. बाहेरून फेस वाळून कडक होतो, आतून ओला राहतो. पिल्लं बाहेर पडायच्या बेताला आली की फेस खालून विरघळतो आणि पिल्लं थेट पाण्यात पडतात. आमच्या सोसायटीच्या बागेतल्या पिंपाच्या काठाला असा फेस लागला होता. माळीदादांनी मला विचारलं, साबण कोणी सांडला. आम्ही दोघांनी तो राहू दिला, आणि पिल्लं पिंपात पडली तेव्हा त्यांनी स्वतः मला बोलावून दाखवली.

आता मुद्द्याचं. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, पण शेपटीवालं पिल्लू, म्हणजे टॅडपोल, चार पायांचा बेडूक होऊन जमिनीवर यायला जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे महिना ते दोन महिने लागतात. तेवढ्या काळात त्याचं सगळं शरीर मोडून नव्यानं उभं राहतं. शेवाळ खरवडून खाणाऱ्या पिल्लाचं आतडं लांबलचक, गुंडाळीच्या गुंडाळीत असतं. किडे खाणाऱ्या बेडकाला तेवढं नको असतं, म्हणून ते आखडतं. खरवडायचे कठीण ओठ गळून पडतात, तोंड रुंद होतं, जीभ तयार होते. कल्ले जातात आणि फुप्फुसांवर श्वास सुरू होतो. आधी मागचे पाय येतात, मग पुढचे कातडीखाली तयार होऊन एकदम बाहेर पडतात. शेपूट गळून पडत नाही, शरीर ती आतल्या आत जिरवतं, आणि तोंडाची मोडतोड चालू असल्यानं ज्या दिवसांत काही खाता येत नाही त्या दिवसांत तीच शिदोरी पुरते. या सगळ्याला चालना देतो थायरॉइडचा स्राव. 1912 मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञानं टॅडपोलना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा ती वेळेआधीच बेडूक झाली. मोठ्या वयाची माणसं रोज सकाळी उपाशीपोटी जी थायरॉइडची गोळी घेतात, त्यातलं थायरॉक्सिन तेच. माझी पत्नी ती गोळी घेते.

या महिना-दोन महिन्यांत खड्ड्यावर एक डंपर रिकामा झाला की त्या वर्षीची सगळी पिढी संपते. पूर्ण वाढलेले बेडूक उठून दुसरीकडे जातील, पण पिल्लं पाण्याबाहेर पडू शकत नाहीत. आणि नेमकं हेच होतं: ओरडणं ऐकू आल्यावर लोकांना खड्डा आठवतो, तक्रार होते, चर्चा होते, डंपर ठरतो, आणि माती पडते तेव्हा पाण्यात पिल्लं अर्धवट वाढलेली असतात. गणपतीच्या आधी खड्डा बुजवून परिसर स्वच्छ करायचा उत्साह मी समजू शकतो. पण तोच काळ सर्वांत वाईट आहे.

मला एका शेजाऱ्यांनी विचारलं, पाषाण तलाव आहे, कात्रजचा तलाव आहे, बेडकांनी तिथे जावं, इथेच का? प्रश्न चांगला आहे. बारमाही तलावात मासे असतात आणि मासे अंडी आणि पिल्लं खातात. पावसाळी डबक्यात मासा नसतो, कारण उन्हाळ्यात ते कोरडं पडतं. मोठा बेडूक, मायक्रोहायला, मातीत राहणारे बेडूक यांचा सगळा संसार या हिशेबावर चालतो की पाणी आटायच्या आत पिल्लं बाहेर पडली पाहिजेत. पाणी लवकर आटू लागलं तर काही जातींची पिल्लं वाढ आवरती घेऊन लवकर बेडूक होतात, आकारानं लहान राहिली तरी चालतं. म्हणजे आपण ज्याला कामाचं नाही म्हणतो ते चार महिन्यांचं डबकंच त्यांच्या कामाचं आहे. डासांवर उपाय म्हणून गप्पी मासे सोडण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. विहिरीत, बारमाही टाकीत, कारंज्याच्या हौदात जरूर सोडावेत. पण पावसाळी डबक्यात गप्पी किंवा डासांसाठीच सोडला जाणारा गँबुशिया मासा सोडणं म्हणजे जिथे मासा नाही म्हणून बेडूक आले, तिथेच मासा नेऊन सोडणं. गँबुशिया तर टॅडपोलच्या शेपट्या कुरतडून त्यांना मारतो.

सह्याद्रीत असेही बेडूक आहेत ज्यांनी साठलेल्या पाण्याची गरजच सोडली. झुडपांत राहणारी एक लहान जात 2013 मध्ये पश्चिम महाराष्ट्रातून नोंदली गेली. पुण्याचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांच्या नावावरून तिचं नाव राओर्केस्टिस घाटेई ठेवलं. या गटातल्या बेडकांचं टॅडपोल नसतंच. ओल्या जागी घातलेल्या अंड्यातच पिल्लू पूर्ण वाढतं आणि चार पायांचा इवलासा बेडूक बाहेर येतो. मातीत राहणाऱ्या बेडकांपैकी स्फेरोथेका पश्चिमा ही जात 2017 मध्ये जाहीर झाली, तिच्या संशोधकांत पुण्याच्या गरवारे महाविद्यालयातले अभ्यासक होते. तिच्या मागच्या पायाच्या तळव्याला फावड्याच्या पात्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्यानं माती दोन्ही बाजूंना सारत ती उलटी, पाठीमागून जमिनीत उतरते. ते पाहताना माती हलताना दिसते आणि डोळे शेवटी बुडतात. वर्षातला मोठा काळ ती तशी जमिनीखाली असते. आपण ज्या प्लॉटला मोकळा म्हणतो, तो या अर्थानं मोकळा नसतो.

आता डासांचा मुद्दा, कारण मला त्याची टिंगल करायची नाही. आमच्याच इमारतीत गेल्या काही वर्षांत डेंग्यूचे पेशंट झालेत, प्लेटलेट्ससाठी धावपळ झाली आहे. पण डेंग्यूचा डास एडिस इजिप्ती घरातल्या आणि घराभोवतीच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. कूलर, पिंप, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं टायर, नारळाची करवंटी. चिखलाच्या उघड्या डबक्यात तो सहसा नसतो. तिथे इतर डास होऊ शकतात हे खरं, पण तिथेच त्यांना खाणारेही असतात: चतुराच्या अळ्या, पाणकिडे आणि टॅडपोल. मोठ्या बेडकाचं पिल्लू शाकाहारी नसतं. ते डासाच्या अळ्या खातं आणि शेजारची दुसऱ्या बेडकांची पिल्लंही खातं. श्रीलंकेत झालेल्या प्रयोगांत वेगवेगळ्या जातींच्या टॅडपोलनी डेंग्यूच्या डासाची अंडी खाल्ल्याचं दिसलं आहे. बेडूक असले की डास संपले असा दावा मी करणार नाही. पण जळकं ऑइल टाकल्यावर डासाच्या अळ्यांबरोबर सगळ्यात आधी मरतात ती पाण्याच्या पृष्ठभागावरची अंडी आणि तिथेच गाळून खाणारी मायक्रोहायलाची पिल्लं. नंतर पावसानं तेल वाहून गेलं की डास चार दिवसांत परत येतात. त्यांना खाणारे परत यायला पुढचा पावसाळा लागतो.

बेडूक गेले तर काय होतं याचा मोठा दाखला मध्य अमेरिकेत आहे. कोस्टा रिका आणि पनामात 1980 ते 2000च्या दशकांत कायट्रिड बुरशीची साथ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेली. ही बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते, आणि ज्याचं श्वास घेणं आणि पाणी पिणं कातडीतून चालतं तो त्यामुळे मरतो. ज्या भागातून साथ गेली तिथले बेडूक विरळ झाले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की त्या भागांत पुढची काही वर्षं माणसांमधला मलेरिया वाढला होता. आपल्याकडेही एक धडा झालेला आहे. एकेकाळी भारतातून बेडकांच्या तंगड्या मोठ्या प्रमाणात परदेशी जात होत्या आणि त्यासाठी शेतांतून हाच मोठा बेडूक गोण्या भरभरून पकडला जायचा. शेवटी 1987 मध्ये केंद्र सरकारनं निर्यात बंद केली. ज्या प्राण्यासाठी सरकारनं परकीय चलन सोडलं, त्याच्यासाठी आपण खड्डा बुजवायला तीन महिने थांबायला हरकत नसावी.

सापाबद्दल खरं तेच सांगतो. बेडूक असतील तिथे साप येतो. पाण्याच्या कडेला बहुतेक वेळा दिसतो तो दिवड, बिनविषारी, पण डिवचलं तर जोरात चावणारा. धामणही येते. नागही बेडूक खातो. म्हणून रात्री त्या बाजूला टॉर्च घेऊन आणि बूट घालून जावं, पार्किंगमधली अडगळ हलवावी, आणि साप दिसला तर काठी न उचलता सर्पमित्रांना फोन करावा. राडारोड्याचा ढीग हा सापाला डबक्याइतकाच आवडतो, उंदीर आणि बिळं तिथेच मिळतात. हे ग्रुपवर कोणी लक्षात घेतलं नाही.

झोपेचं म्हणाल तर मोठ्या बेडकाचा खरा गोंगाट पहिल्या जोरदार पावसानंतरच्या थोड्या रात्रींचा असतो. नंतर अधूनमधून. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींची तब्येत बरी नसते, त्यांना खरोखर त्रास होतो, त्यांच्यासाठी त्या रात्री मागच्या बाजूची खिडकी लावून घ्यायची व्यवस्था त्यांच्या मुलानं केली.

एक गोष्ट लहान मुलांच्या आई-वडिलांसाठी. भेकाच्या डोळ्यांमागे जे दोन फुगीर उंचवटे दिसतात, त्यांत विष असतं. कुत्र्यानं भेक तोंडात धरला तर कुत्र्याला फेस येतो, कधी जिवावर बेततं. हातात घेतल्यानं माणसाला चामखीळ होत नाही, ती विषाणूमुळे होते. पण हात न धुता डोळे चोळले तर आग होते. त्यामुळे हाताळू नये, आणि हाताळलं तर साबणानं हात धुवावेत, एवढं पुरे. बाथरूममध्ये बेडूक आला की मीठ टाकायची पद्धत काही घरांत आहे. ती कृपया बंद करावी. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांडीच्या कातडीतून शोषतो. ती कातडी इतकी पातळ आहे की डिसेक्शनला पहिली कापताना मुलांचा हात हमखास जास्त खोल जायचा. त्यावर मीठ पडलं की अंगातलं पाणी बाहेर खेचलं जातं आणि तो तडफडून मरतो. ब्लीचिंग पावडरनंही त्या कातडीची आग होते. डबा पालथा घालावा, खालून पुठ्ठा सरकवावा, बाहेर नेऊन सोडावा.

हे झालं एका खड्ड्याचं. शहराच्या पातळीवर मला ओढ्यांची काळजी वाटते. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली, घरं गेली. त्यानंतर सीमाभिंतींची मागणी होणं स्वाभाविक होतं, आणि जिथे वस्ती काठाला आहे तिथे भिंत हवीच. पण सरळ उभी सिमेंटची भिंत दोन्ही बाजूंना बांधली की ओढ्यात उतरलेला बेडूक वर येऊ शकत नाही. झाडबेडकाच्या बोटांना चिकट गाद्या असतात, तो चढेल. मोठा बेडूक आणि भेक चढू शकत नाहीत, आणि नुकती शेपूट जिरलेली पिल्लं तर काठ सापडला नाही तर बुडून मरतात, कारण कल्ले गेलेले असतात. जिथे जागा आहे तिथे एका बाजूला तिरपं दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेले दगड, ठेवलं, फटींत गवत उगवू दिलं, अधूनमधून उतार सोडला, तर पाणीही थोडं मुरतं आणि प्राण्यांनाही वाट राहते. रामनदीच्या काठानं चाललं तर कुठे मातीचा काठ शिल्लक आहे आणि कुठे नाही हे पावसाळ्यात आवाजावरूनच कळतं. वेताळ टेकडीवर जुन्या खाणीत पाणी साठतं. सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी अनेकांनी तिथलं संगीत ऐकलं असेल. टेकडी राखण्यासाठी जे लोक वर्षानुवर्षं पाठपुरावा करत आहेत, त्यांनी झाडांच्या बरोबरीनं या पाण्याचाही आग्रह धरावा.

माझ्या मागण्या फार नाहीत. पावसाळी डबकं बुजवायचंच असेल तर दसरा झाल्यावर, पाणी आटल्यावर बुजवावं. तोवर त्याला पत्र्याचं किंवा जाळीचं कुंपण नक्की घालावं. उघडा खड्डा हा लहान मुलांच्या जिवाला धोका आहे आणि ती जबाबदारी प्लॉटच्या मालकाची आहे, तिच्याबद्दल कोणतीही तडजोड नको. ज्या खड्ड्याच्या भिंती सरळ आहेत तिथे एका कोपऱ्यात फळी किंवा दगड तिरपे लावून ठेवावेत. सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात आणि झाकण नसलेल्या चेंबरमध्येही हेच करता येतं. तेल, ब्लीचिंग, गप्पी यांपैकी काहीही पावसाळी डबक्यात नको. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस प्रत्येक मजल्यावर कुंड्या, कूलर आणि पिंपं तपासावीत. आमच्या मजल्यावर हे काम दोन शाळकरी मुलींनी मागून घेतलं आहे आणि त्यांच्या तपासणीत डासाच्या अळ्या सापडल्या त्या एका घराच्या फुलदाणीत. नालेसफाई जूनच्या आधी पूर्ण व्हावी, जुलैत ओढ्यात जेसीबी उतरवू नये. आणि आपल्या दैनिकात दर जूनमध्ये डेंग्यूच्या सूचनांची चौकट येते, तिच्यात एवढं एक वाक्य वाढवावं की रस्त्याकडेचं मातीचं डबकं आणि घरातली पिंपं यांना एकच उपाय लावू नये.

आमच्या सोसायटीच्या कमिटीची बैठक येत्या रविवारी सकाळी आहे, आणि डंपरचा विषय पत्रिकेवर आहे. खड्ड्यातल्या पिल्लांना आता मागचे पाय फुटले आहेत. शक्य असेल तर हे पत्र त्याआधी छापावं, म्हणजे कात्रण बैठकीत वाचून दाखवता येईल. कमिटीतल्या ज्यांना पाहायचं असेल त्यांच्यासाठी शनिवारी रात्री जेवणानंतर मी टॉर्च घेऊन गेटपाशी थांबेन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
वारजे, पुणे